सावंत्रव्वाकडे अडकलेली ताटं

आमच्या गल्लीत कोण भाकरी थापतंय ते मला डोळे मिटून सांगता येतं. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, थापते ती भांडल्यासारखी. धपाधप, धपाधप, मधेच थांबून माझ्या नावानं शंख, आणि पुन्हा धपाधप. समोरची गुरुबाई थापते घाबरत घाबरत, थप... थप..., जसं काही पीठ उठून तिला चावणार आहे. मी मांडीवर हात आपटून दोघींची नक्कल करते. अव्वाला हसू आवरत नाही आणि गुरुबाई म्हणते, "गिणे, सासूची अशी नक्कल करशील ना, दुसऱ्याच दिवशी गाठोडं घेऊन परत येशील बघ." तिचा पुढचा एक दात पडलाय, त्यामुळं प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजते. सासू म्हणताना तर विचारूच नका. गिणी म्हणजे पोपट. माझं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत आहे.

पण गल्ली जागी व्हायची ती सावंत्रव्वाच्या आवाजानं. थप थप थप, सर्र. थप थप थप, सर्र. उजव्या हाताच्या थापा आणि डाव्या हातानं भाकरीला एक फिरकी. घाई नाही, राग नाही. त्या आवाजावर माझा बाप दाढी करायचा, गुरुबाई पाणी भरायची आणि मी डोक्यावरून चादर ओढून आणखी थोडं झोपायची.

सावंत्रव्वाचा नवरा तेलाच्या घाण्यावर कामाला होता. लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. मूलबाळ नाही. माहेरी गेली नाही, कुणाच्या दारात बसली नाही. जमखंडीच्या बसस्टँडमागे बसप्पाकाकांची खानावळ आहे, तिथं जोंधळ्याच्या कडक भाकरी पुरवायला लागली ती लागलीच. तिची भाकरी उजेडाला धरली तर पलीकडून कोण येतंय ते दिसावं इतकी पातळ. तव्यावरून काढून चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची, वाळली की महिनाभर खराब होत नाही. टोपलीत रचताना एखादी मोडली तर ती खानावळीत जायची नाही आणि शेजारीपाजारीही जायची नाही. आम्ही पोरं मागायला गेलो की म्हणायची, "मोडकी माझी. तुम्हाला अख्खी." आणि अख्खी हातात द्यायची. तिला स्वतःला अख्खी भाकरी खाताना मी कधी बघितलं नाही.

पंचमीच्या आधी आमच्याकडं रोट्टीचा सण असतो. त्या दिवशी प्रत्येक घरातून प्रत्येक घरात ताट जातं. जोंधळ्याच्या भाकरी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भरलं वांगं, मटकीची उसळ, शेंगाचटणी, जवसाची चटणी, वर लोण्याचा गोळा. जात बघत नाहीत, भांडण बघत नाहीत. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नाही त्यांच्याकडं तर आधी पाठवतात, उगाच कुणी नाव ठेवायला नको. आणि एक गोष्ट आमच्याकडं कुणी शिकवावी लागत नाही. आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही, सणाला नाही आणि एरवीही नाही. काहीच नसलं तर गुळाचा खडा टाकायचा.

त्या दिवशी पहिलं ताट सावंत्रव्वाचं असायचं. एका वर्षी अव्वानं ठरवलं, यंदा आपण आधी. भल्या पहाटे उठून दार उघडलं तर उंबऱ्यावर फडक्याखाली ताट. "ही बाई झोपते तरी कधी?" अव्वा म्हणाली. मी म्हटलं, "झोपेत थापते." गल्लीच्या टोकाकडून आवाज आला, "ऐकू येतं गं गिणे!"

मागच्या वर्षी तिचे पाय सुजायला लागले. "चुलीपुढं बसून बसून होतंय," म्हणाली. मग तोंड सुजलं. "झोप जास्त झाली." मग भाकरीत मीठ कमी पडलं की जास्त हे तिला कळेना, आणि एक दिवस खानावळीच्या पायरीवर टोपलीसकट खाली बसली ती उठलीच नाही. बसप्पाकाकांनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

परत आली तेव्हा गल्ली गोळा झाली. ती खाटेवर बसून सगळ्यांना सांगत होती, जसं काही दुसऱ्याच बाईचं झालंय. "आतल्या दोन्ही चाळण्या फाटल्या म्हणे. आता रक्त मशीनमधनं चाळून आणायचं. आठवड्यातनं दोनदा."

"आणि पैसे?" गुरुबाईनं विचारलं.

"मशीन सरकारचं, फुकट. रिक्षावाला मात्र सरकारी नाही."

डाव्या मनगटावर डॉक्टरांनी शिरा जोडून ठेवल्या होत्या, सुया टोचायला. त्या जागी एक गाठ आली होती. तिनं मला जवळ बोलावलं. "कान लाव."

मी कान लावला. आत घर्रर्र चाललं होतं, एका लयीत, लांबच्या गावात पिठाची गिरणी चालू असावी तसं.

"ऐकलंस? बसवली बघ सरकारनं गिरणी माझ्या हातात. आता ह्याची नक्कल कर."

मी घशातून करून बघितली, नाकातून करून बघितली. जमली नाही. ती एवढी हसली की तिला धाप लागली.

पण त्या गिरणीची एक अट होती. त्या हातावर जोर द्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही, बांगडी घालायची नाही, त्या कुशीवर झोपायचंसुद्धा नाही. भाकरी थापणं तर लांबच. बसप्पाकाका मोसंबी घेऊन आले. मोसंबी तिला चालत नव्हती. "अव्वा, बरी झालीस की ये गं," ते म्हणाले आणि चप्पल घालता घालता दाराकडं बघत राहिले, कारण दुसऱ्या बाईला काम देऊन झालं होतं.

"येते की," सावंत्रव्वा म्हणाली. "चाळणी शिवून मिळाली की लगेच." मोसंबी तिनं पोरांना वाटून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी गल्लीत तो आवाज नव्हता. माझ्या बापानं दाढी करताना कापून घेतलं.

मग ताटं जायला लागली. ते कुणी ठरवलं नव्हतं. एक दिवस आमच्याकडून भात आणि बिनमिठाचं वरण, दुसऱ्या दिवशी गुरुबाईकडून, तिसऱ्या दिवशी आणखी कुणाकडून. पहिल्यांदा ताटं गुळाचा खडा घेऊन परत आली. गूळ संपला तेव्हा शेंगदाणे आले. शेंगदाणे संपले तेव्हा तिच्या दारातल्या कढीपत्त्याची डहाळी आली. कढीपत्त्याचं झुडूप बोडकं झालं, आणि मग ताटं यायची थांबली.

ती तिच्याकडंच राहायला लागली. घासून, पुसून, भिंतीला टेकून, एकावर एक. प्रत्येकावर नाव कोरलेलं, त्यामुळं कुणाचं कुठलं याचा घोळ नव्हता. घोळ आमच्या घरात होता. माझा बाप कढईच्या झाकणावर जेवू लागला. झाकण मधे फुगीर, त्यामुळं आमटी गोल फिरून मांडीवर. "मागून घे की एखादं!" तो करवादायचा.

"कसं मागू?" अव्वा म्हणायची. "ताट मागणं म्हणजे 'माझं ताट भरून दे' म्हणणं झालं. तिच्याकडं काय आहे भरायला?"

गुरुबाईनं अक्कल लढवली आणि भात केळीच्या पानावर पाठवला. पान आल्या पावली परत आलं, भातासकट. मागून सावंत्रव्वाचा आवाज. "गुरुबाई, मी भीक मागायला बसले नाही अजून! बसले की सांगते, मग पानावर वाढ!"

"आता काय करायचं बाई," गुरुबाईच्या शिट्टीत रडू आलं होतं, "ताटात पाठवलं तर ताट जातं, पानावर पाठवलं तर इज्जत जाते!"

शेवटी अव्वा पदर खोचून भांडायलाच गेली. मी मागून.

"अक्का, ताटं रिकामी पाठव. आम्ही काय परके?"

"तुझ्या सासूनं कधी रिकामं पाठवलं होतं?"

"माझी सासू मेली!"

"मग तिच्या माघारी मी सुरू करू?" सावंत्रव्वा म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा दिसत होता. "दोन वर्षं जगेन, चार वर्षं जगेन, मला माहीत नाही. तोवर सगळ्यांचं नुसतं खात बसू? ऐक. यंदा रोट्टीला एकूण एक ताट मी भरून पाठवणार. माझ्या हातच्या भाकरी घालून. तोपर्यंत ह्या दारात कुणाचा घास यायचा नाही."

आणि जेवणाच्या वेळेला तिनं दाराला आतून कडी घालायला सुरुवात केली.

सणाला थोडे आठवडे होते. रेशनचा जोंधळा होता तो तिनं दळून आणवला. मशीनच्या दिवशी तिच्यात काही उरायचं नाही. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा वेळ अंगात बळ असायचं. तेवढ्यात एक, फार तर दोन भाकरी. कडक भाकरी टिकते, म्हणून तर हे जमणार होतं. रोज थोडं थोडं करून ताटं भरायची होती.

पहिल्या दिवशी तो आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणी नवी बाई राहायला आलीय. थप. मग थांबणं. मग सर्र. मग थप. डावा हात मांडीवर ठेवून ती एकाच हातानं थापत होती आणि त्याच हातानं भाकरी फिरवत होती. पहिली भाकरी काटवटीतच फाटली. तिनं ती पुन्हा गोळा करून मळली. त्या दिवशी भाकरी झालीच नाही.

पुढं जमायला लागली. पण चुलीपुढं बसलं की तहान लागते, आणि तिला पाणी मोजूनमापून. दिवसभराचं पाणी एका लहान तांब्यात काढून ठेवलेलं, त्यातच गोळ्या, त्यातच चहा. ती वेलदोडा जिभेखाली धरायची. फारच झालं की ओल्या फडक्यानं ओठ पुसायची, आणि फडक्याचं पीठ ओठांना लागायचं. मी खिडकीतून बघायची. गल्लीतल्या बायका आपापलं थापणं थांबवून ऐकायच्या. एक झाली. दुसरी लावली. नाही, थांबली. मग सगळीकडून पुन्हा आपापलं धपाधप सुरू.

दवाखान्यात तिच्याबरोबर मी जायची, शाळेला सुट्टी असली की. तिथं तिच्या शेजारच्या खाटेवर मौलासाब असायचे. गाद्यांचा कापूस पिंजणारे नदाफ. अंगात फक्त हाडं आणि आवाज उरलेला, पण आवाज असला दणदणीत की सिस्टर दोनदा येऊन दटावून जायची. सावंत्रव्वाचा हात नुसत्या लोखंडावर अवघडतो हे बघून त्यांनी घरी उरलेल्या कापसाची एक छोटी उशी करून आणली होती. सुया निघाल्या, उठून बसले, की ते मशीनच्या अंगावर बैलाच्या पाठीवर मारतात तशी थाप मारायचे. "शाब्बास राजा. आजचा दिवस ओढलास. चल, आता पुढच्या खेपेला."

"त्याला काय कळतंय?" सावंत्रव्वा म्हणायची.

"बैलाला तरी काय कळतं? पण थाप मारली की आपल्याला बरं वाटतं की नाही?"

दोघांचा आवडता विषय पाणी. ज्यांना प्यायला मिळत नाही तेच पाण्याबद्दल असं बोलतात.

"आमच्या गावाला मशिदीमागे विहीर होती, अक्का. मे महिन्यात पोहरा वर आला की दात शिवशिवायचे."

"आमच्या मळ्यातल्या पाटाचं पाणी त्याहून गार. त्यात कर्दळीचा वास."

"कर्दळीला कुठं वास असतो?"

"आमच्या कर्दळीला होता."

"मग मी एक तांब्या घेतो तुमच्याकडचा."

"घ्या की. दोन घ्या. मौलासाब, तुम्ही सावकाश प्या, ठसका लागेल."

आणि दोघंही डोळे मिटून घोट घ्यायचे. 

एकदा सावंत्रव्वा मला म्हणाली, "गिणे, त्यांना माझी भाकरी दाखव." मी मांडीवर थापून दाखवली. जुनी, दोन्ही हातांची. थप थप थप, सर्र. मौलासाब कान देऊन ऐकत राहिले. "वा! अक्का, ही तर ऐकूनच पोट भरलं. खरी कधी?"

"रोट्टीला. तुमच्याच ताटातनं आणते."

कारण त्यांचंही एक ताट तिच्याकडं अडकलेलं होतं. मोहरमला त्यांच्या बायकोनं, मालनबीनं, चोंगे, म्हणजे गुळाच्या गोड पोळ्या, ताटात घालून दवाखान्यात आणले होते. सावंत्रव्वाला गूळ एवढासाच चालायचा, तिनं एकाच चोंग्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बाकीचे घरी आणून आम्हा पोरांना दिले. ताट मात्र भिंतीजवळच्या राशीत गेलं.

"ताट तसंच आण की," मौलासाब म्हणाले. "रिकामं."

"आमच्यात नाही देत रिकामं."

"ताट रिकामं झालं म्हणजे कुणीतरी जेवलं. माझी मालन तर रिकामं ताट बघूनच खूश होते."

"तुमची मालन साधी आहे."

"आणि तू हट्टी. पण लिहून ठेव अक्का, मी जायच्या आधी तुझ्या हातात एकदा तरी रिकामं ताट देणार. आणि तू ते गपगुमान घेऊन घरी जाणार."

"नाही घेणार."

"घेशील."

"कुठं जाताय पण तुम्ही, जायच्या आधी म्हणताय ते?"

"विहिरीवर," मौलासाब म्हणाले. दोघंही खूप हसले. मीही हसले.

भाकरींची रास उंच होत होती. पांढऱ्या फडक्याखाली, उंदरांपासून लांब, शिंकाळ्यात. त्यातली सगळ्यात पातळ, जिच्यातून खिडकीतला उजेड आरपार आला, ती तिनं वेगळी काढून मौलासाबांच्या ताटावर ठेवली. तिच्या डाव्या हाताला सूज दिसायला लागली होती. भाकरी फिरवताना कधीतरी तो हात आपोआप पुढं जात असणार. इतक्या वर्षांची सवय. गिरणी चालू होती, पण मी कान लावला तेव्हा मला ती आणखी लांबच्या गावात गेल्यासारखी वाटली. मी तसं म्हटलं नाही. तीच म्हणाली, "लाइट कमीजास्त होतोय गं."

सणाच्या आधीच्या मशीनच्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो तर शेजारच्या खाटेवर एक तरुण माणूस होता. नवीन, घाबरलेला, सुयांकडं बघणारा. सिस्टर चादर नीट करत होती.

"मौलासाब?" सावंत्रव्वानं विचारलं.

सिस्टर चादरीचा कोपरा दुमडत राहिली. "परवा सकाळी. घरीच. झोपेतच गेले म्हणतात, अव्वा."

सावंत्रव्वा खाटेवर आडवी झाली. हात उशीवर ठेवला. सुया लागल्या, मशीन फिरायला लागलं. बऱ्याच वेळानं तिनं मान वळवली आणि त्या तरुणाला विचारलं, "कुठलं गाव तुझं?"

त्यानं सांगितलं.

"पाणी कसं आहे तुमच्याकडं?"

तो गोंधळून बघत राहिला. मग म्हणाला, "थोडं मचूळ आहे."

"असू दे," सावंत्रव्वा म्हणाली. "सांग तसंच. आपण ऐकू." सुटका झाल्यावर तिनं खाली उतरून मशीनवर थाप मारली. हलकी, पिठाचा गोळा दाबून बघावा तशी.

रोट्टीच्या दिवशी अव्वानं दार उघडलं आणि तिथंच उभी राहिली. उंबऱ्यावर आमची ताटं होती. सगळी. प्रत्येकात एक भाकरी आणि तिच्यावर चिमूटभर शेंगाचटणी. वांगं नव्हतं, उसळ नव्हती, लोणी नव्हतं. गल्लीत एकेक दार उघडत होतं आणि एकेक बाई उंबऱ्यात उभी राहत होती. गुरुबाईनं ताट उचलून कपाळाला लावलं. त्या दिवशी माझ्या बापानं स्टीलच्या ताटात जेवण केलं आणि अर्धी भाकरी खिशात घालून कामावर घेऊन गेला. विचारलं तर म्हणाला, "राहू दे."

दुपारी सावंत्रव्वानं नवी चोळी घातली. मौलासाबांचं ताट फडक्यात बांधून दिलं माझ्याकडं, आणि रिक्षा बोलवायला लावली.

मौलासाबांचं घर नदाफ गल्लीत. भिंतीवर पिंजायची कमान टांगलेली, तिच्या तारेला अजून कापसाचा एक पुंजका लागलेला. मालनबी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सावंत्रव्वा त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. दोघी रडल्या नाहीत. सावंत्रव्वानं फडकं सोडलं.

"त्यांना द्यायची होती," ती म्हणाली. "उशीर झाला मला."

मालनबींनी भाकरीचा तुकडा मोडला. कडक भाकरी मोडताना होतो तो आवाज त्या शांत घरात केवढा तरी मोठा झाला. त्यांनी तो तुकडा तोंडात ठेवला, चावला नाही, नुसता भिजू दिला. मग उरलेली भाकरी टोपलीत झाकून ठेवली, उठल्या, मोरीवर जाऊन ताट घासलं, पदरानं कोरडं केलं आणि सावंत्रव्वासमोर धरलं.

"घे अक्का."

"माझं नाही, तुमचंच आहे. नाव बघा."

"बघितलंय. घरी रोज सांगायचे मला. ती बाई भाकरी घेऊन आली तर ताट रिकामं करून तिच्याच हातात दे म्हणायचे. नको म्हणेल, तरी दे म्हणायचे." सांगताना मालनबी हसत होत्या. "मी म्हटलं, तुम्हीच द्या की. तर म्हणाले, मी असलो तर भांडण करेल. तू दिलंस तर घेईल."

सावंत्रव्वा ताटाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल काहीतरी, 'आमच्यात नाही घेत' वगैरे. मी तर तिचा तो सूर मनात लावूनही ठेवला होता. पण तिनं उजवा हात पुढं केला, मग डावाही, तो सुजलेला, आणि दोन्ही हातांनी ताट घेतलं.

"जिंकलात की हो तुम्ही," ती म्हणाली. मालनबींकडं बघून नव्हे, भिंतीवरच्या कमानीकडं बघून. आणि मग ती रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघत होते. रडण्याचा तिचा आवाज बारीक होता, लहान पोरीसारखा, आणि त्याची नक्कल मी कधी करणार नाही.

रिक्षात तिनं ताट पोटाशी धरलं होतं. "हलकं असतं नाही गं, रिकामं ताट," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिच्या घरातून थापण्याचा आवाज आला नाही. डॉक्टरांनी हात बघून तिला झापलं, गळ्याजवळ नळी घातली. तिची गिरणी बंद पडली. मी कान लावते, काही ऐकू येत नाही. ती म्हणते, "दळण संपलं असेल." आता ती भिंतीला धरून दारापर्यंत येते, तेवढंच. दवाखान्यात त्या तरुणाच्या गावचं मचूळ पाणी ती दर खेपेला बोलण्यातच दोन तांबे पिते म्हणे, आणि तोही आता मशीनला थाप मारतो. मौलासाबांचं ताट तिनं चुलीमागच्या फळीवर उभं करून ठेवलंय.

जेवणाच्या वेळी दाराची कडी नसते. अव्वानं पंचमी झाल्यावर घाबरत घाबरत पहिलं ताट पाठवलं. भात, बिनमिठाचं वरण. संध्याकाळी मी अंगणात होते तेव्हा सावंत्रव्वानं मला हाक मारून ते माझ्या हातात दिलं. घासलेलं, पुसलेलं. त्यात गूळ नव्हता, शेंगदाणे नव्हते, कढीपत्त्याचं पानही नव्हतं. "अव्वाला म्हणावं, पोट भरलं," ती म्हणाली.

मी घरी येऊन ताट अव्वाला दिलं. अव्वानं ते उजेडाला धरलं, आत बघितलं, बोटानं कड पुसली. किती दिवस तिला हेच हवं होतं, यावरून ती भांडलीसुद्धा होती. पण ताट हातात घेऊन ती उंबऱ्यावर बसली आणि उठेचना.

समोरून गुरुबाई ओरडली, "आलं का गं ताट?"

"आलं."

"काय घातलं होतं सावंत्रव्वानं?"

"काही नाही," अव्वा म्हणाली.

गुरुबाईही तिच्या उंबऱ्यावर बसली. गल्लीत कुणाकडंच काही थापलं जात नव्हतं.